चार लाल अक्षरं

फोन आला तेव्हा मी सिंकवर वाकून टोमॅटोचं सँडविच खात होते. पांढरा पाव, दोन्ही बाजूंना मेयोनेज, वर भरपूर मीठ-मिरपूड. ऑगस्टातला टोमॅटो ताटलीत घेऊन काट्या-सुरीनं खाणाऱ्या माणसांवर माझा कधी विश्वास बसला नाही, आणि माझा नवरा हॉलिस नेमका तसाच खायचा. मार्चमध्ये गेला तो. तर एका हाताच्या कोपरापर्यंत रस ओघळतोय, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर टॅबिथा. हॉलिसची मुलगी, माझी नव्हे, हे आम्ही दोघी न सांगता सांभाळून आहोत. तिनं आधी इथल्या, रिचमंडच्या हवेची चौकशी केली, ती राहते त्या नॉरफोकला काही वेगळं आभाळ असल्यासारखी. मग तिच्या लेकीची, मॅरेनची, शाळा सुरू झाल्याचं सांगितलं. मग त्याच सुरात म्हणाली, की यंदा ती ख्रिसमसला मोठं झाड आणणार आहे, छताला टेकेल असं, तेव्हा आईची पेटी आता तिच्याकडे असावी असं तिचं आणि तिच्या भावाचं, गॅरेटचं, ठरलंय. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी गाडी घेऊन येते, चालेल ना? मी म्हटलं, चालेल की, त्यात काय. एवढंच. भांडण नाही, आवाज चढला नाही, उलट तिनं माझ्या गुडघ्याचं विचारलं. फोन ठेवला तेव्हा पाव भिजून लगदा झाला होता. तो मी तसाच कचऱ्यात टाकला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

पेटी म्हणजे टोपीचा जुना गोल खोका. त्यात पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, हातानं भरलेली लटकनं, झाडाला टांगायची. जाळीच्या कापडावर लोकरीनं एकेक भोक भरत चित्र काढायचं, खाली नाव घालायचं, मग मागं मखमल लावून, आत कापूस भरून, कडेनं गोफ शिवून घ्यायचा. या घरात प्रत्येकाचं एक. हॉलिसचं मासा, गॅरेटचं लाल ढकलगाडी, मरून वीस वर्षं झालेल्या कुत्र्याचंसुद्धा आहे. ती सगळी ल्युसिंडानं केली, हॉलिसच्या पहिल्या बायकोनं. तिचं स्वतःचं मात्र हॉलिसच्या बहिणीनं, विल्मानं, कारण आपलं नाव आपण भरायचं नसतं. कुणीतरी दुसऱ्यानं आपल्यासाठी बसायचं, डोळे फोडायचे, तेव्हा आपण त्या झाडावर. हा नियम कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही, पण माझ्या पाहण्यात तो कुणी मोडलेला नाही. गॅरेटचं लग्न झालं त्याच डिसेंबरात त्याच्या बायकोचं लटकन तयार होतं, विल्मानं उन्हाळाभर बसून केलेलं. माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. विल्मा मला बघून म्हणाली, अगं तुझं राहिलंच, बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तिची बोटं आखडली, त्याच्या पुढच्या वर्षी ती ओळख विसरली, आणि मग विषयच मिटला. बावीस वर्षं दर डिसेंबरात मी ती पेटी माळ्यावरून काढली, एकेकाचा कागद सोडवला, हॉलिसच्या हातात दिला. एकदा, फार वर्षांपूर्वी, तो शिडीवर उभा होता. त्यानं खाली हात केला आणि विचारलं, "तुझं कुठाय गं?" मी म्हटलं, माझं नाही, कुणी केलंच नाही. तो म्हणाला, अरेच्चा. मग म्हणाला, तो तारा दे इकडे. मी तारा दिला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच नवल वाटलं होतं, आणि ते नवल शिडीवरून खाली उतरेपर्यंत विरूनही गेलं.

ओट्याशी उभी राहून मला जे कळलं ते हे, की पेटी गेली की झालं. घर विकायचंच आहे, गॅरेटनं माणूसही बघून ठेवलाय. माझी रवानगी होईल एखाद्या दोन खोल्यांच्या जागेत, जिथं आवाज झाला की वरचे लोक काठी आपटतात. आणि नॉरफोकला छताला टेकणाऱ्या झाडावर कुत्रा असेल, मासा असेल, मेलेली बाई असेल. आणि मी, जिनं त्यांच्या तापात डोकी दाबली, शाळेचे डबे भरले, त्यांच्या बापाचं शेवटचं वर्ष चमच्यानं भरवलं, ती कुठंच नसेन. रागच आला मला. आणि रागात माणूस जे करतो ते मी केलं: गाडी काढली आणि प्रूइटबाईंच्या भरतकामाच्या दुकानात गेले.

बाहेर अंगाची लाही आणि दुकानात जिकडंतिकडं बर्फ, घंटा, लाल टोप्या. या धंद्याचं सगळं उलटं. ख्रिसमसला हवं ते ऑगस्टच्या पंधरापर्यंत शिवायला द्यायचं. मखमल लावणारी बाई एकच आहे, आणि तिच्यापुढं साऱ्या शहराच्या बायका रांगेत असतात. त्यामुळं इकडं ज्या कुणाला हे व्यसन आहे ती भर जुलैत पंख्याखाली घाम पुसत बर्फ भरत असते. मी गेले तेव्हा मुदत टळून बारा दिवस झाले होते. प्रूइटबाई म्हणाल्या, यंदा नाही हो मिळायचं. मी म्हटलं, मागचं मी घरीच शिवीन. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, कोरी जाळी मापून कापून दिली, चौकटीचा कागद दिला, निळी लोकर, पांढरी लोकर, आणि लाल. मग पावती करता करता सहज विचारलं, "कुणाचं नाव घालताय?" एका मैत्रिणीचं, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, नशीबवान आहे बाई. आणि मी छप्पन्न वर्षांची बाई पळवलेल्या बाहुलीसारखी ती पिशवी पोटाशी धरून गाडीत येऊन बसले.

इंचाला चौदा भोकं. चार इंचांचं वर्तुळ, म्हणजे आडवी छप्पन्न. व्ही-ई-आर-एन-ए, व्हर्ना, माझं नाव. एकेक अक्षर पाच घरांचं, मध्ये एकेक घर मोकळं, एकूण एकोणतीस. नाव बसतं, ऐसपैस बसतं. मग वरचा भाग चित्राला. जेवणाच्या टेबलावर खिडकीशी बसून, पेन्सिलीला टोक करून, मी त्या रिकाम्या चौकटींकडे पाहत राहिले आणि मला काही म्हणजे काही सुचेना. ल्युसिंडाला सगळ्यांचं सुचलं होतं. मासा म्हटलं की हॉलिस, झालं. माझं काय? मी डोळ्यांच्या दवाखान्यात चौदा वर्षं दाराजवळच्या नावनोंदणीच्या टेबलाशी बसले. कागदावर चष्मा रेखून पाहिला, तो झाडाला टांगलेला दुकानाच्या पाटीसारखा दिसला. आईचं घर काढायला घेतलं, तंबाखूच्या कारखान्यामागचं, दोन पायऱ्या आणि एक दार, पण त्या घरात मी कशी होते ते मला आठवेना, नुसता गोडसर वास आठवला. मग या घरातली स्वयंपाकघराची खिडकी काढली. बावीस वर्षं मी तिच्यापुढं उभी राहिलेय. काढून झाल्यावर लक्षात आलं की खिडकीतल्या पडद्याची झालर ल्युसिंडानं शिवलेली आहे, ती मी कधी बदलली नाही. खुर्ची काढली, ती हॉलिसची. गुलाब काढले, ते तिनं लावलेले, मी फक्त पाणी घातलं. पाण्याची झारी काढली, आणि ती तेवढी माझी होती, लग्नाआधीची, पत्र्याची, पोचे पडलेली. पण झारी झाडाला कोण टांगतं? तरी खोडरबरानं खोडली नाही. चार दिवस गेले. शेवटी म्हटलं चित्र राहू दे, नावापासून सुरुवात करू. पहिलंच अक्षर दोनदा उसवलं, कारण तिरकी रेघ चौकटीत कधी नीट जात नाही, पायऱ्या पडतात. त्याच्या पुढचंही एकदा. उसवलेले लाल तुकडे टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकत गेले. आमच्यात धाग्याचे तुकडे फेकत नाहीत, वर्षभर बरणीत साठवतात. कशासाठी ते विचारू नका.

चौथ्या अक्षरावर अडले तेव्हा म्हटलं ल्युसिंडाची अक्षरं बघावी, तिची वळणं घ्यावी. पेटी खाली आणली. आणि इतकी लटकनं असताना हातात आलं ते टॅबिथाचं. खरं सांगायचं तर आलं नाही, मी काढलं. निळ्यावर पिवळे गमबूट, खाली लाल नाव. लहानपणी ती गमबूट घालून झोपायची म्हणे. तिचं लटकन ती तेवढी असतानाच सुरू झालं आणि पिशवीत पडून राहिलं. दुसऱ्या मुलाचं तसंच होतं. मग ल्युसिंडा आजारी पडली तेव्हा तिनं ते पुन्हा हातात घेतलं. दवाखान्यात, खुर्चीत, नळी लावलेल्या हातानं. दोन्ही गमबूट केले, खालच्या निळ्याची पट्टी केली, नावातल्या सात अक्षरांपैकी पहिली तीन केली, टी-ए-बी, आणि तिसऱ्याच्या कडेला सुई टोचून ठेवली, लाल दोऱ्यासकट, उद्या पुढं भरायचं म्हणून. तो उद्या आला नाही.

मी या घरात आले त्या मे महिन्यात टॅबिथा अकरा वर्षांची होती. माझ्याशी वाईट वागत नव्हती, कसंच वागत नव्हती. जेवायची, उठायची, ताटली विसळायची, आणि आईच्या भरतकामाच्या पिशवीपाशी जाऊन बसायची. मला वाटायचं मुलगी एकटी आहे, हातांना चाळा लागतो. एक दिवस ती शाळेत असताना मी पिशवी उघडली आणि ते अर्धवट लटकन पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते मला आजही अगदी स्वच्छ आठवतं, आणि त्याची लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, तेच तर वाईट आहे. बिचारीचं एकटीचंच झाडावर नाही, मला वाटलं. मी पुरं करीन. गेलेल्या बाईचं अर्धं काम पुरं करणं हे आमच्याकडे पुण्याचं समजतात, चर्चमध्ये अशा बायकांचा गटच असतो. मी एक पुस्तिका आणली, टाका शिकले. ऑगस्टची पंधरा गाठायची होती, म्हणून रोज पोरं पोहायला गेली की मी दार लावून बसायचे. कुणाला विचारलं नाही, कारण आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. विचारायला काय झालं होतं? एक वाक्य लागलं असतं. पण मला तिचा चेहरा बघायचा होता, कागद सोडवतानाचा. मला तिनं माझ्या गळ्यात पडायला हवं होतं, खोटं कशाला बोलू.

ख्रिसमसच्या सकाळी तिनं कागद सोडवला. पाहिलं. उलटं केलं, मागं हिरवी मखमल. पुन्हा सुलटं केलं. हॉलिस म्हणाला, अगं केवढं सुंदर, थँक यू म्हण. ती थँक यू म्हणाली. मग तिसऱ्या अक्षराच्या कडेवर बोट ठेवून अगदी हळू विचारलं, "सुई कुठाय?" मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, सुई काढली ना बाळा, टोचली असती. ती म्हणाली, काढून कुठं ठेवली? मी पिशवीतली टाचणगादी दाखवली, त्यात चौदा सुया होत्या, सगळ्या सारख्या, त्याच नंबरच्या. तिनं गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नंतर ती गादी घेऊन वर गेली आणि दुपारच्या जेवणाला खाली आली नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ती रोज त्या पिशवीपाशी का बसत होती. आईचा हात शेवटी जिथं थांबला ती जागा तिला ठाऊक होती. तिला वाटत असणार की तिथून तो पुन्हा सुरू होऊ शकतो. आणि मी त्या जागेवरून पुढं चार अक्षरं आणि वरचं सगळं निळं आभाळ भरून टाकलं होतं, वरून मखमल लावून बंद केलं होतं. ती त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं, पेटी खाली आणली त्या दुपारी, मी पुन्हा आठवत बसले नव्हते, तशी माझी सवय नाही. मी फक्त अक्षरं बघत होते. आणि लक्षात आलं की लटकन वाकडं आहे. बावीस वर्षांच्या दमटपणानं वरचा भाग एका अंगाला कलला होता, गमबूट ताठ उभे आणि आभाळ कलंडलेलं. का ते मला आता कळत होतं, तेव्हा कळलं नव्हतं. हा टाका दोन तऱ्हांनी घालता येतो. समोरून दोन्ही अगदी सारखे दिसतात, तिरपे, एकसारखे. पण एकात उलट बाजूला चटईसारखी वीण पडते आणि कापड सरळ राहतं. दुसऱ्यात उलट बाजूला नुसत्या लांब तिरप्या रेघा पडतात आणि कापड ओढलं जातं. ल्युसिंडा पहिला घालायची. माझ्या पुस्तिकेत दुसरा होता. मी कात्री घेतली, कडेचा गोफ उसवला, मखमल सोडली, कापूस बाजूला केला आणि लटकन पालथं केलं. तिथं सगळं उघडं पडलेलं होतं. खाली चटई, घट्ट, नीटनेटकी, आजारी हाताची म्हणून कुणी ओळखणार नाही अशी. आणि तिसऱ्या अक्षराच्या कडेला ती चटई संपत होती आणि माझ्या तिरप्या रेघा सुरू होत होत्या, गाठी मारलेल्या, धागे लोंबणाऱ्या, घाईच्या. बोटानं दाखवता यावी अशी हद्द. एवढी वर्षं मखमलीखाली ती जशीच्या तशी होती.

मग माझ्या मनानं असं घेतलं, की मी जे केलं ते मलाच उलटं करता येईल. मेलेलं माणूस आणता येत नाही, पण टाके काढता येतात. तिसऱ्या शनिवारपर्यंत दोन आठवडे होते. माझ्या नावाची तीन अक्षरं झाली होती, चौथ्याच्या तोंडाशी सुई टोचून मी ते बाजूला ठेवलं आणि तिच्या लटकनावरचे माझे टाके काढायला बसले. उसवणं भरण्यापेक्षा कठीण. मागून कात्रीचं टोक घालायचं, एक टाका कापायचा, चिमट्यानं ओढायचा, शेजारचा आपला की तिचा ते पाहायचं. आभाळ आधी काढलं, सहा दिवस लागले. सकाळी खिडकीत ऊन असेपर्यंत बसायचे, मग मान धरायची. निळा भुगा बरणीत चढत गेला. मग अक्षरं. शेवटापासून काढत आले. एकेक अक्षर जाताना मला, खोटं नाही, हलकं वाटत होतं. घरात चोरून घुसलेल्या माणसानं आपल्या पायांचे ठसे पुसत दाराकडे यावं तसं. प्रत्येक टाक्यागणिक मी तिला मनात सांगत होते, बघ, हेही काढलं, हेही. आणि ती माझ्या मनात थोडी थोडी माझ्याकडे वळत होती. असला मूर्खपणा माणूस एकटं असलं की करतं. शुक्रवारी दुपारी शेवटचा लाल टाका निघाला. राहिले पिवळे गमबूट, खालची निळी पट्टी, तीन अक्षरं, आणि वर कोरी जाळी, भोकं जरा ढिली पडलेली. तिसऱ्या अक्षराच्या कडेला मी लाल दोरा ओवलेली सुई टोचली. सुई माझी होती, दुसरी कुठून आणणार? आणि ते कागदात न गुंडाळता पेटीत सगळ्यात वर ठेवलं.

शनिवारी ती अकराला आली. एकटीच. केस कापले होते, आणि त्यामुळं ल्युसिंडाच्या फोटोसारखी दिसत होती, ते मी बोलले नाही. मी हॅम घालून मऊ, पावासारखी फुगणारी बिस्किटं केली होती, थंड चहा केला होता. तिनं एक बिस्किट खाल्लं, छान झाल्याचं सांगितलं, हॉलिसच्या कपड्यांचं काय केलं ते विचारलं. मी चर्चला दिल्याचं सांगितलं. मग पेटी टेबलावर आणली. तिनं झाकण काढलं आणि तिचे हात तिथंच थांबले.

"हे उघडं का आहे?"

मी पंधरा दिवस घोकलेलं एका दमात म्हणून टाकलं. की तुझ्या आईचा हात जिथं थांबला होता तिथपर्यंत मी उसवलंय. तेव्हाच तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं, बावीस वर्षं उशिरा सांगतेय, पण चुकलं. तिनं लटकन हातात घेतलं, उलटं केलं, चटईच्या विणीवरून अंगठा फिरवला, मग सुलटं करून कोऱ्या जाळीवरून फिरवला. बाहेर शेजारचा माणूस पानं उडवायचं यंत्र चालवत होता.

"ही सुई आईची नाही," ती म्हणाली.

"नाही."

"त्या सगळ्या माझ्याकडे आहेत. गादीसकट."

"मला ठाऊक आहे."

तिनं सुईला हात लावला नाही. जाळी खिडकीकडे धरली, भोकांतून ऊन तिच्या बोटांवर पडलं. मग तिनं मला विचारलं, आणि आवाज अगदी त्या सकाळचा होता, अकरा वर्षांचा, हळू.

"आणि तुमचे टाके कुठे गेले?"

मी म्हटलं, काढले ना, सांगितलं ना आता. ती म्हणाली, "हो, ते कळलं." मग खुर्चीत मागं टेकली. म्हणाली, की दर ख्रिसमसला कुणी नसताना ते झाडावरून काढून ती उजेडात तिरकं धरायची, मग हद्द दिसायची, बोटालाही लागायची. तीन आईची, चार तुमची. पहिली काही वर्षं रागानं बघायची, मग सवय म्हणून. मग मॅरेन झाली. मॅरेन रात्री रडायची आणि तिला कळायचं नाही काय करावं, तेव्हा एकदा तिच्या मनात आलं होतं, की दुसऱ्या बाईच्या मुलीचं नाव भरायला भर उन्हाळ्यात कोण बसतं. "मॅरेनला दाखवणार होते यंदा. इथपर्यंत माझी आई, इथून पुढं व्हर्ना. म्हणून तर पेटी मागितली." मग म्हणाली, "आई गेल्यावर माझं म्हणून कुणी काही पुरं केलं असेल तर तेवढंच होतं."

मी म्हटलं, मी पुन्हा भरते. महिन्याभरात भरून देते, प्रूइटबाईंकडे निळी लोकर आहे. माझे हात आधीच पुढं झाले होते, तिच्या हातातून घ्यायला. तिनं दिलं नाही, पण मागंही ओढलं नाही.

"नको. आता भरलंत तर ते आताचं होईल."

रागावली नव्हती ती. रागावली असती तर मला काही धरायला मिळालं असतं. तिनं चहा संपवला, ग्लास सिंकमध्ये विसळून पालथा घातला, अगदी लहानपणी घालायची तसा. लटकन कागदात गुंडाळलं, सुईसकट, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. पेटी उचलताना टेबलाच्या कडेचं वर्तमानपत्र सरकलं आणि खालून माझी जाळी दिसली, निळ्या पट्टीवर तीन लाल अक्षरं, वर पेन्सिलीनं काढलेली झारी. तिनं मान वाकडी करून पाहिलं. कुणाचं म्हणून विचारलं. मैत्रिणीचं, मी म्हटलं. ती तीन अक्षरांकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असणार, ती काही बावळट नाही. पण ती एवढंच म्हणाली, लाल रंग चांगला घेतलाय. दारात तिनं माझ्या गालाला गाल लावला, गुडघा सांभाळा म्हणाली आणि गेली. तिची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पायरीवर उभी होते.

आत आले. बिस्किटं झाकली, टेबल पुसलं. बरणी खिडकीत होती, गळ्यापर्यंत भरलेली. मग मला सुचलं, की निदान ते धागे तिला पाठवावेत. भरायचे नाहीत, नुसते पाठवायचे, पाकिटात घालून. तिच्या नावातले चार अक्षरांचे लाल तुकडे, ते तेव्हाचेच आहेत ना, आताचे नाहीत. मी वर्तमानपत्र पसरलं, बरणी पालथी केली आणि चिमट्यानं लाल लाल वेचायला लागले. निळा ढीग एकीकडे, लाल एकीकडे. लालचा ढीग बराच झाला, व्हायला नको इतका झाला, आणि तेव्हा आठवलं की माझं नावही मी याच बरणीपाशी बसून उसवलं होतं, पुन्हा पुन्हा. चष्मा बदलून पाहिलं. उजेडात धरून पाहिलं. दुकानातून मी तसाच लाल मागून आणला होता, अगदी तसाच, आणि प्रूइटबाईंनी तो बरोब्बर दिला होता. चार वाजेपर्यंत मी बसून होते. कुठले तिच्या नावातले आणि कुठले माझ्या, ते काही मला सांगता येईना.